उपग्रह प्रतिमेचे वेगवेगळे बँड एका फाईलमध्ये कसे एकत्र करावेत? : सोलापूर जिल्ह्यातील पिकांच्या उदाहरणासह

उपग्रहावरून घेतलेली पिकांची प्रतिमा आता कोणालाही मोफत मिळते. मात्र ती डाउनलोड केल्यावर अनेकांचा हिरमोड होतो. एका रंगीत चित्राऐवजी दहा-बारा काळ्या-पांढऱ्या फाईल हाती येतात. प्रत्येक फाईल म्हणजे प्रकाशाच्या एका विशिष्ट पट्ट्यात, म्हणजेच बँडमध्ये, टिपलेली स्वतंत्र नोंद असते. पिकाची वाढ, पाण्याचा ताण किंवा लागवडीखालील क्षेत्र पाहायचे असेल तर यातील आवश्यक बँड एका फाईलमध्ये रचून घ्यावे लागतात. या कामाला ‘स्टॅकिंग’ म्हणतात. क्यूजीआयएस या मोफत नकाशा प्रणालीत ते अर्ध्या तासात होते. त्यात दोन-तीन ठिकाणी मात्र अशी चूक होऊ शकते की चित्र सुंदर दिसते आणि आकडे साफ चुकीचे येतात.

सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात या चुकीची किंमत मोठी आहे. खरीप २०२३ मध्ये राज्य शासनाने ३१ ऑक्टोबर रोजी ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातील करमाळा, माढा, बार्शी, माळशिरस आणि सांगोला हे पाच तालुके होते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार पावसातील तूट व खंड तपासल्यानंतर पेरणी क्षेत्र, मातीतील ओलावा आणि भूजलाबरोबर उपग्रहावरून काढलेले वनस्पती निर्देशांकही पाहिले जातात. शेवटी १० टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. म्हणजे आपल्या शिवाराची हिरवळ उपग्रहाला कशी दिसते, याचा संबंध थेट सवलतींशी येतो. अधिकृत मूल्यांकन त्या-त्या यंत्रणा करतात. आपण घरी काढलेला नकाशा त्याची जागा घेणार नाही. पण गावाची प्रतिमा स्वतः उघडून पाहिलेला कृषी सहायक किंवा गटाचा प्रमुख पाहणीच्या वेळी नेमका प्रश्न विचारू शकतो.

कोणत्या उपग्रहाची प्रतिमा घ्यावी?

पीक पाहणीसाठी सध्या सर्वांत सोयीचा उपग्रह म्हणजे युरोपीय अंतराळ संस्थेचा सेंटिनेल-२. यातील पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये, दुसरा मार्च २०१७ मध्ये आणि तिसरा सप्टेंबर २०२४ मध्ये सोडण्यात आला. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी एकाच जागेची प्रतिमा घेतात. आपल्याकडे तो सकाळी अकराच्या सुमारास वरून जातो. त्यात १३ बँड आहेत. निळा (बी०२), हिरवा (बी०३), लाल (बी०४) आणि निकट अवरक्त (बी०८) हे चार बँड १० मीटर तपशिलाचे असून रेड एज (बी०५, बी०६, बी०७), अरुंद निकट अवरक्त (बी८ए) व लघुतरंग अवरक्त (बी११, बी१२) हे २० मीटरचे आहेत. उरलेले तीन बँड ६० मीटरचे. ते हवेतील धूलिकण, बाष्प आणि विरळ ढग ओळखण्यासाठी आहेत, पिकासाठी त्यांचा थेट उपयोग नाही.

१० मीटर म्हणजे नेमके किती, हे आपल्या मापात पाहू. १० बाय १० मीटरचा एक चौकोन, म्हणजे एक पिक्सेल, १०० चौरस मीटरचा. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात, सेंटिनेलचा एक पिक्सेल म्हणजे जवळपास एक गुंठा. एकराला ४० पिक्सेल. २० मीटरच्या बँडमध्ये एक पिक्सेल ४ गुंठ्यांचा, तर अमेरिकेच्या लँडसॅटच्या ३० मीटर प्रतिमेत जवळपास ९ गुंठ्यांचा होतो. प्रत्येक पिक्सेलला एकच आकडा मिळतो, त्या जागेतील सगळ्या गोष्टींची सरासरी म्हणून. त्यामुळे चौरस एकरभर शेतातही कडेचे पिक्सेल बांध, रस्ता किंवा शेजारच्या पिकाने बाटलेले असतात, आणि शुद्ध पिक्सेल १५-१६ च उरतात. वीस मीटर रुंदीच्या लांबट पट्टीत तर शुद्ध पिक्सेल मिळेलच असे नाही. दोन-चार गुंठ्यांवरील रोग या प्रतिमेत ‘दिसतो’ असे कोणी सांगत असेल तर जरा सबुरीने घ्यावे.

भारतीय प्रतिमा हव्या असतील तर हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’ या संकेतस्थळावर नोंदणी करून रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ (सुमारे २३.५ मीटर) प्रतिमा घेता येतात. त्यात निळा बँड नसतो. बँड २ हिरवा, ३ लाल, ४ निकट अवरक्त आणि ५ लघुतरंग अवरक्त. खालील पद्धत त्यांनाही लागू आहे, फक्त क्रमांक बदलतात.

प्रतिमा कोठून व कोणती उतरवावी?

कोपर्निकस डेटा स्पेस या युरोपीय संकेतस्थळावर नोंदणी मोफत आहे. सेंटिनेल-२ च्या प्रतिमा दोन पातळ्यांवर मिळतात: एल१सी आणि एल२ए. आपण नेहमी एल२ए घ्यावी, कारण तिच्यात हवेतील धूसरपणाचा परिणाम वजा करून जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश दिलेला असतो. वेगवेगळ्या तारखांची तुलना करायची तर याला पर्याय नाही.

ढगांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवून शोध घ्यावा. जुलै ते सप्टेंबर या काळात सोलापुरात स्वच्छ प्रतिमा मिळणे नशिबाचा भाग असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र आकाश निरभ्र असते, आणि आपला मुख्य हंगाम तर रब्बीचाच. या दृष्टीने उपग्रह आपल्या ज्वारीवर मेहेरबान आहे.

प्रतिमा ‘टाईल’ नावाच्या सुमारे ११० किलोमीटरच्या चौकोनात येते. जिल्ह्याचा मोठा भाग, म्हणजे सोलापूर शहर, मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढा व सांगोला, ‘४३ क्यूईव्ही’ या टाईलमध्ये बसतो. बार्शी व करमाळ्यासाठी तिच्या उत्तरेची ‘४३ क्यूईए’, अक्कलकोटसाठी पूर्वेची ‘४३ क्यूएफव्ही’ आणि माळशिरसचा बराचसा भाग पाहण्यासाठी पश्चिमेची ‘४३ क्यूडीव्ही’ घ्यावी. शेजारच्या टाईल सुमारे १० किलोमीटर एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे सीमेवरील अकलूज किंवा माढ्यासारखी गावे दोन्हींत सापडतात.

उतरवलेली झिप फाईल उघडली की आत फोल्डरची उतरंड दिसते. ‘ग्रॅन्यूल’, त्यात ‘इमेज डेटा’, आणि त्यात ‘आर१०एम’, ‘आर२०एम’ व ‘आर६०एम’ असे तीन फोल्डर. प्रत्येकात बँडच्या ‘जेपी२’ प्रकारच्या फाईल असतात. नावात टाईल, तारीख, वेळ, बँड आणि तपशील असे क्रमाने लिहिलेले असते. (पडद्यावर ही नावे इंग्रजी अक्षरांत दिसतील, येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. पुढील मेनूंचेही तसेच.) याच फोल्डरमध्ये ‘टीसीआय’ नावाची तयार रंगीत फाईल असते. ती फक्त डोळ्यांनी पाहण्यासाठी आहे. तिच्यात आकडे ताणून बसवलेले असतात, म्हणून स्टॅकमध्ये ती घेऊ नये.

स्टॅकिंग आणि मोझॅक : दोन वेगळी कामे

येथे सर्वाधिक गोंधळ होतो. मराठीत आपण दोन्हींना ‘जोडणे’च म्हणतो. एकाच जागेचे, एकाच वेळचे वेगवेगळे बँड एकावर एक रचणे म्हणजे स्टॅकिंग. पोळीच्या डब्यात पोळ्या रचतो तसे. शेजारशेजारच्या दोन टाईल बाजूबाजूला सांधणे म्हणजे मोझॅक. फरशीला फरशी लावतो तसे. क्यूजीआयएसमधील ‘मर्ज’ हे एकच साधन दोन्ही कामे करते. त्यातील ‘प्लेस ईच इनपुट फाईल इन्टू अ सेपरेट बँड’ या चौकटीत टिक केली तर बँड एकावर एक बसतात, नाही केली तर सगळ्या फाईल एकाच थरात दाबल्या जातात. चार बँड देऊन टिक विसरलात तर शेवटी एकच काळी-पांढरी प्रतिमा मिळते आणि बाकी तीन तिच्याखाली गाडली जातात. संगणक चूक दाखवत नाही.

तालुका दोन टाईलमध्ये विभागला असेल तर आधी प्रत्येक टाईलचा स्टॅक करावा, मग दोन्ही स्टॅक टिक न करता मर्ज करावेत. दोन्ही टाईलची तारीख एकच असावी.

क्यूजीआयएसमधील कृती

१. क्यूजीआयएस उघडून ‘लेयर’ मेनूतून ‘ॲड रास्टर लेयर’ने ‘आर१०एम’ फोल्डरमधील बी०२, बी०३, बी०४ व बी०८ या चार फाईल आणाव्यात. चारही नावांतील तारीख आणि टाईल एकच आहे का ते वाचून पाहावे.

२. ‘रास्टर’ मेनू, त्यात ‘मिसलेनिअस’, त्यात ‘बिल्ड व्हर्च्युअल रास्टर’ निवडावे. ‘इनपुट लेयर्स’मध्ये चारही फाईलना टिक करावी आणि माऊसने ओढून क्रम लावावा : बी०२, बी०३, बी०४, बी०८. हा क्रम वहीत लिहून ठेवावा. याचे कारण पुढे येईल.

३. ‘रिझोल्यूशन’ या रकान्यात आपोआप ‘ॲव्हरेज’ असते, ते बदलून ‘हायेस्ट’ करावे. चारही बँड १० मीटरचे असतील तर फरक पडत नाही. पण एखादा २० मीटरचा बँड मिसळला असेल तर ‘ॲव्हरेज’मुळे सगळी प्रतिमा १० आणि २० मीटरच्या मधल्याच कुठल्या तरी मापाची बनते आणि मूळ पिक्सेल एकही शिल्लक राहत नाही.

४. ‘सेपरेट बँड’ची टिक येथे आधीपासून असते, ती तशीच ठेवावी. प्रगत पर्यायांत ‘नोडेटा’ मूल्य ० द्यावे, म्हणजे टाईलच्या कडेचा रिकामा भाग पीक नसलेली जमीन म्हणून मोजला जाणार नाही. मग ‘रन’ करावे.

काही सेकंदांत ‘व्हीआरटी’ फाईल तयार होते. ती इतक्या पटकन होते, कारण तिच्यात प्रतिमा नसतेच. ती मूळ चार फाईल कोठे आहेत हे सांगणारी लहानशी मजकूर फाईल असते. मूळ फोल्डर हलवला, नाव बदलले किंवा पेनड्राइव्ह काढला की ती निकामी होते. ही फाईल व्हॉट्सॲपवर सहकाऱ्याला पाठवून ‘उघडत नाही’ अशी तक्रार येणे हा नेहमीचा प्रकार आहे.

५. म्हणून पुढची पायरी करावीच. ‘रास्टर’ मेनूतील ‘एक्स्ट्रॅक्शन’मध्ये ‘क्लिप रास्टर बाय मास्क लेयर’ निवडावे. इनपुट म्हणून व्हीआरटी आणि मास्क म्हणून गावाची, तालुक्याची किंवा गटाची हद्द द्यावी. हद्दीची फाईल नसेल तर गूगल अर्थवर शिवाराभोवती रेघ काढून ‘केएमएल’ जतन करावी, ती चालते. ‘कीप रिझोल्यूशन ऑफ इनपुट रास्टर’ला टिक करावी आणि ‘टिफ’ प्रकारात जतन करावे. ही खरी, स्वयंपूर्ण फाईल. तिच्यात चारही बँड असतात आणि ती कोठेही नेता येते.

कापून घेण्याचा आग्रह धरण्याचे कारण आकारात आहे. पूर्ण टाईलमध्ये १०,९८० बाय १०,९८० म्हणजे १२ कोटींहून अधिक पिक्सेल असतात. प्रत्येकाला २ बाइट धरले तरी चार बँडची फाईल सुमारे ९६ कोटी बाइटची, म्हणजे जवळपास १ जीबीची होते. ‘मर्ज’ साधन वापरले आणि त्यातील ‘आउटपुट डेटा टाईप’ आहे तसाच ‘फ्लोट३२’ ठेवला तर तीच फाईल २ जीबीची होते आणि माहिती कणभरही वाढत नाही. मर्ज वापरायचेच असेल तर तेथे ‘यूइंट१६’ निवडावे. एका गावाचा तुकडा मात्र जुन्या लॅपटॉपवरही झटकन चालतो.

६. शेवटी ‘प्रोजेक्शन’ तपासावे. लेयरच्या माहितीत ‘ईपीएसजी ३२६४३’ दिसले पाहिजे. संपूर्ण सोलापूर जिल्हा याच ४३ उत्तर या पट्ट्यात येतो. मीटरमधील ही पद्धत टिकवली तर क्षेत्र मोजणे सोपे जाते. अक्षांश-रेखांशात रूपांतर केले तर गुंठ्याचा हिशेब बिघडतो.

क्रमांकांचा घोळ

उपग्रहाचा बँड क्रमांक आणि आपल्या फाईलमधील थराचा क्रमांक एक नसतो. वरील क्रमाने रचल्यास नव्या फाईलमध्ये बँड १ म्हणजे निळा, २ हिरवा, ३ लाल आणि ४ निकट अवरक्त. पुस्तकात वनस्पती निर्देशांकाचे सूत्र ‘बी८ वजा बी४, भागिले बी८ अधिक बी४’ असे असते. ते पाहून नव्या फाईलचा बँड ४ ‘लाल’ म्हणून घेतला तर तो प्रत्यक्षात निकट अवरक्त असतो. लँडसॅटच्या पहिल्या पातळीच्या फाईलमध्ये आणखी एक गंमत होते. नावांत शून्य नसल्याने संगणक बी१ नंतर बी१० व बी११ लावतो आणि मग बी२. सेंटिनेलमध्ये शून्य असले तरी बी८ए हा बी१२ च्याही नंतर जाऊन बसतो. म्हणून क्रम हाताने लावावा आणि लिहून ठेवावा.

क्रम बरोबर लागला का हे तपासायला ‘आयडेंटिफाय’ साधन घेऊन दोन ठिकाणी क्लिक करावे. एकदा वाढलेल्या उसात : तेथे बँड ४ चा आकडा बाकी तिघांपेक्षा स्पष्टपणे मोठा हवा, कारण निरोगी पाने लाल प्रकाश शोषतात आणि निकट अवरक्त परत फेकतात. दुसरे क्लिक उजनीच्या खोल पाण्यात : तेथे बँड ४ सर्वांत लहानांपैकी असावा. जलाशयाच्या कडेची शेवाळ साचलेली जागा घेऊ नये, ती पिकासारखी वागते.

आता ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिम्बॉलॉजी’त ‘मल्टीबँड कलर’ निवडून लाल रंगाला बँड ४, हिरव्याला बँड ३ आणि निळ्याला बँड २ द्यावा. हे ‘आभासी रंगचित्र’. यात हिरवे पीक लालभडक दिसते, नांगरलेली काळी जमीन गडद निळी-राखाडी आणि पाणी काळसर. मार्चअखेर ज्वारी काढल्यानंतरची प्रतिमा अशी लावली की भीमेच्या काठाने व उजनीच्या कालव्यांवर ऊस, आणि सांगोला-पंढरपूरच्या माळावर फळबागा लालीतून उठून दिसतात.

सन २०२२ नंतरच्या प्रतिमांतील १००० चा फरक

माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, आणि प्रशिक्षणांत नेमका हाच वगळला जातो. फाईलमधील आकडे म्हणजे परावर्तन गुणिले १०,०००. परंतु २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत (आवृत्ती ०४.०० पासून) प्रत्येक आकड्यात १००० मिळवून देण्यात येतात. वापरणाऱ्याने ते वजा करणे अपेक्षित आहे. वजा केले नाही तर काय होते?

समजा एका उसाच्या पिक्सेलमध्ये लाल बँडचा आकडा १५०० आणि निकट अवरक्तचा ४५०० आहे. तसेच सूत्रात घातले तर ३००० भागिले ६०००, म्हणजे ०.५०. प्रत्येकातून १००० वजा केले तर ५०० आणि ३५०० उरतात. ३००० भागिले ४०००, म्हणजे ०.७५. पीक तेच आणि प्रतिमाही तीच, तरी एक उत्तर भरघोस उसाचे आणि दुसरे अर्धवट वाढीचे.

आता दुष्काळाच्या तुलनेत याचा अर्थ पाहा. एखाद्याने २०१९ ची जुन्या प्रक्रियेतील प्रतिमा आणि २०२३ ची नवी प्रतिमा घेऊन वजाबाकी न करता फरक काढला, तर सगळा तालुका करपल्यासारखा दिसेल. उलट, जुन्या प्रतिमेतूनही १००० वजा करणारा त्या वर्षीचे पीक फुगवून दाखवेल. असे नकाशे बैठकीत मांडले की समोरचा जाणकार दोन मिनिटांत खोडून काढतो आणि खऱ्या नुकसानीचे म्हणणेही सोबत वाहून जाते.

केवळ तारखेवर विसंबून चालत नाही, कारण जुन्या वर्षांच्या प्रतिमाही नव्या प्रक्रियेने पुन्हा तयार करून देण्यात आल्या आहेत. उतरवलेल्या फोल्डरच्या नावात ‘एन’ या अक्षरानंतर चार अंक असतात. ते ०४०० किंवा त्याहून अधिक असतील तर १००० वजा करावे, कमी असतील तर करू नये. फोल्डरचे मूळ नाव बदलू नये, ते यासाठीच.

‘रास्टर कॅल्क्युलेटर’मध्ये वेगळी वजाबाकी करण्याची गरज नाही. वरच्या ओळीत बँड ४ वजा बँड ३ तसेच राहते, कारण दोन्हींतील १००० आपोआप कटतात. खालच्या बेरजेतून फक्त २००० वजा करावे : (बँड४ − बँड३) ÷ (बँड४ + बँड३ − २०००). कंस पूर्ण द्यावेत. क्यूजीआयएसमध्ये ‘जीडीएएल रास्टर कॅल्क्युलेटर’ नावाचे दुसरे साधन आहे. तेथे धन पूर्णांकांची वजाबाकी उणे आली की आकडा उलटा फिरून ६५ हजारांच्या घरात जातो. नवख्यांनी पहिलेच वापरावे.

केवळ हा एक निर्देशांक हवा असेल तर स्टॅक न करताही दोन सुट्या फाईल कॅल्क्युलेटरमध्ये घेऊन काम भागते. स्टॅक लागतो तो रंगचित्र, पीक वर्गीकरण, आणि एकाच वेळी सगळे बँड गावाच्या हद्दीत कापून ठेवण्यासाठी.

ओलाव्यासाठी २० मीटरचा वेगळा स्टॅक

पाण्याचा ताण पाहायचा तर लघुतरंग अवरक्त बँड हवा. अनेकजण बी११ वरील १० मीटरच्या स्टॅकमध्येच घालतात. तांत्रिकदृष्ट्या ते होते. संगणक २० मीटरच्या प्रत्येक चौकोनाचे चार तुकडे करून तोच आकडा चारही ठिकाणी लिहितो. नकाशा बारीक दिसतो, पण माहिती ४ गुंठ्यांचीच राहते. मी तरी ‘आर२०एम’ फोल्डरमधून बी०४, बी०५, बी८ए, बी११ असा वेगळा स्टॅक करण्याची शिफारस करेन. त्यात बँड ३ (बी८ए) आणि बँड ४ (बी११) यांपासून ओलावा निर्देशांक निघतो : फरक भागिले बेरीज, खाली पुन्हा २००० वजा.

हा निर्देशांक कधी ‘एनडीएमआय’ तर कधी ‘एनडीडब्ल्यूआय’ या नावाने येतो. दुसऱ्या नावाचा आणखी एक निर्देशांक आहे, तो हिरवा व निकट अवरक्त बँड वापरतो आणि तळी-तलाव शोधण्यासाठी आहे. पिकाच्या पानांतील पाण्यासाठी अवरक्तचे दोन बँड असलेले सूत्रच घ्यावे. नाव न पाहता सूत्र पाहावे.

याच स्टॅकमधील बी०५ उसासाठी उपयोगी पडतो. दाट उसात नेहमीचा वनस्पती निर्देशांक वर जाऊन थबकतो. बरा आणि उत्तम ऊस सारखाच दिसू लागतो. लालऐवजी रेड एज बँड घेतल्यास हा फरक पुढेही कळत राहतो. डाळिंबात अडचण उलटी आहे. ४.५ बाय ३ मीटर अंतरावरील बागेत एका पिक्सेलमध्ये सात-साडेसात झाडे येतात आणि मधली जमीन उघडी असते. बाग लहान असताना निर्देशांक झाडापेक्षा जमीनच जास्त सांगतो. त्यात आपल्याकडे मुरमाड माळ आणि भारी काळी जमीन शेजारी शेजारी. दोन बागांच्या आकड्यांतील फरक जमिनीचाही असू शकतो. म्हणून डाळिंबात एका बागेची दुसरीशी तुलना टाळून त्याच बागेची तिच्याच मागील तारखांशी तुलना करावी. बहार धरताना पाणी तोडल्यावर निर्देशांक खाली येणारच, तो रोग समजू नये.

तीन तारखांचा स्टॅक : रब्बी ज्वारी ओळखण्यासाठी

स्टॅकिंग फक्त बँडचेच होते असे नाही. ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी अशा तीन तारखांचे वनस्पती निर्देशांक काढून ते याच पद्धतीने एका फाईलमध्ये रचावेत आणि अनुक्रमे लाल, हिरवा व निळा रंग द्यावा. येथे नोडेटा ० देऊ नये, कारण निर्देशांकात ० हे खरे मूल्य असू शकते. तिन्ही रंगांची किमान-कमाल मर्यादा हाताने सारखी, उदाहरणार्थ ०.१ ते ०.८, ठेवावी. नाहीतर संगणक प्रत्येक तारखेला आपापल्या परीने ताणतो आणि रंगांना अर्थ उरत नाही.

आता चित्र वाचता येते. तिन्ही वेळा हिरवा असलेला ऊस पांढुरका दिसतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरलेली ज्वारी ऑक्टोबरच्या प्रतिमेत जेमतेम, डिसेंबरमध्ये भरात आणि फेब्रुवारीत पक्वतेकडे झुकलेली असते. ती हिरव्या छटेत येते. मंगळवेढ्याच्या भारी जमिनीचा पट्टा या चित्रात सलग हिरवा दिसावा अशी अपेक्षा असते. ऑक्टोबरमध्ये भरात असून डिसेंबर-जानेवारीत निघणारी तूर लाल-पिवळसर होते. पडीक माळ काळाच राहतो. हरभरा मात्र ज्वारीच्या जवळ जाऊन बसतो. उशिरा पेरलेला असेल तर थोडी निळसर झाक येते, तेवढाच फरक. म्हणून प्रत्येक रंगाची किमान पाच-सहा शेते प्रत्यक्ष जाऊन पाहावीत, मोबाईलवर जागेची नोंद घ्यावी, आणि ती नोंद शेताच्या मधोमध उभे राहून घ्यावी, बांधावरून नव्हे.

ढग आणि सावली

एल२ए प्रतिमेसोबत ‘एससीएल’ नावाची २० मीटरची फाईल येते. तिच्यात प्रत्येक पिक्सेलचा प्रकार अंकाने लिहिलेला असतो : ३ म्हणजे ढगाची सावली, ४ वनस्पती, ५ उघडी जमीन, ६ पाणी, ८ व ९ ढग, १० विरळ ढग. ३, ८, ९ आणि १० असलेले पिक्सेल गणनेतून वगळावेत. सावलीकडे विशेष लक्ष द्यावे. ढग पांढरा असल्याने डोळ्यांना कळतो. त्याची सावली मात्र काळ्या रानावर पडली तर भिजलेल्या जमिनीसारखी वाटते. ही फाईल बँडसोबत स्टॅक करू नये, वेगळीच ठेवावी. तिच्यातील अंक प्रकाशाचे नसून केवळ प्रकाराचे क्रमांक आहेत, आणि वर्गीकरण करताना ते बँड समजून मोजले गेले तर निकाल भलताच येतो.

फाईल जतन करताना

तयार टिफ फाईलच्या नावात गाव, तारीख, बँडचा क्रम आणि प्रक्रियेचा चार अंकी क्रमांक घालावा, उदाहरणार्थ ‘मोहोळ_२०२४१२१५_बी२३४८_एन०५११’. क्यूजीआयएसमध्ये नाव इंग्रजी अक्षरांत व जागा न सोडता द्यावे; देवनागरी नावे किंवा मोकळ्या जागा असलेल्या फोल्डरमध्ये काही साधने अडतात. मूळ झिप निदान एक हंगाम ठेवावी. हार्ड डिस्क भरत असेल तर आधी व्हीआरटीवर अवलंबून असलेली सर्व कामे टिफमध्ये उतरवली आहेत का ते पाहावे, मगच झिप काढून टाकावी.